बोटभर तांबडी रेघ

"सर, ही रेघ अजूनही गंजच का?"

हेमलताने हा प्रश्न एकवीस वर्षं जपून ठेवला होता.

विषुववृत्ताजवळच्या त्या लहानशा बेटावर चुनखडीचा पुरुषभर उंचीचा कडा होता. खाली प्रवाळ, वर प्रवाळ, आणि मधोमध बोटभर जाडीची तांबडी रेघ. याच रेघेवरून ती आपल्या गुरूंशी, ओगले सरांशी, भांडली होती. ती म्हणाली, ही जुनी माती आहे. समुद्र एकदा इथून निघून गेला होता. सर म्हणाले, गंज आहे. प्रबंधातलं ते प्रकरण त्यांनी काढायला लावलं. दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळा सोडून गेली, ती गेलीच.

आता तिने बोलावलं, आणि एकोणऐंशी वर्षांचे सर बोटीने आले.

"खालचा थर सव्वा लाख वर्षांपूर्वीचा," रिपोर्ट पुढे करत ती म्हणाली. "वरचा जेमतेम सहा हजार. मधे समुद्र शंभरेक मीटर खाली उतरला. बेटाची टेकडी झाली, पावसाने खडक खाल्ला, वर माती धरली. मग पाणी परत चढलं, नि जुन्यावरच नवं प्रवाळ वाढलं."

सरांनी रिपोर्ट घेतला नाही. ते कड्याशी गेले. नखाने रेघ खरवडली, कण जिभेवर ठेवला... पहिल्या सहलीत मुलांना शिकवायचे, अगदी तसाच. तेव्हा सगळे तोंड वाकडं करत होते. खडकाला जीभ लावली ती एकट्या हेमलताने.

"माती," सर म्हणाले. "तेव्हाही मातीच लागली होती."

"तेव्हाही...?"

"माझं पुस्तक छापायला गेलं होतं गं. त्यात गंजच लिहिलं होतं."

हेमलताला काय काय बोलायचं होतं. वर्षानुवर्षं घोकलेलं. तिने रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवून दिला.

खाली लाटा आपटत होत्या.

"समुद्र किती वर्षं गेला होता म्हणालीस?"

"लाखभर."

"त्यात साचलं किती?"

तिने रेघेवर बोट आडवं धरलं. "एवढंच."

"आणि तू किती वर्षं गेली होतीस?"

"... एकवीस."

सरांनी तिचं ते बोट आपल्या मुठीत घेतलं.

"मग आपल्यात अजून काहीच साचलेलं नाही, हेमा."