बाबलच्या तोंडावरचा लेप

“मग आता काय लावू, बुवा?”

वामनने विचारलं तेव्हा त्याच्या पुढ्यात सहाण होती, सहाणेभोवती वाट्या मांडलेल्या, आणि वाट्यांच्या पलीकडे बाबल धुरी मान खाली घालून बसलेला.

शास्त्रीबुवा सुपारी कातरत राहिले.

देवळामागची ही मठी, बुवा तिथले वैद्य आणि वामन त्यांचा शिष्य. बाबल दशावतारी कंपनीतला स्त्रीपार्टी. रात्री लुगडं नेसून उभा राहिला की समोरच्या बायका त्याचा पदर बघून आपला नीट करायच्या. पण दिवसा त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. गालांवर, हनुवटीवर फोड. काही पिकलेले, काही फुटून काळे डाग ठेवून गेलेले.

“मालक काय म्हणतो?” बुवांनी विचारलं.

“दुसऱ्याक लुगडा नेसवन बघल्यान,” बाबल म्हणाला. “जत्रेपर्यंत तोंड बरा झाला तर तू, नाय तर तो... बुवानू, माका दुसरा काय येणा नाय.”

वामनला ते ऐकवेना. बुवांनी पहिल्यांदाच एक रोगी पुरता त्याच्या हाती सोपवला होता, आणि तो असा हातातून निसटत चाललेला. गिऱ्हाइकाला कापड पसंत पडेना की नवखा दुकानदार आणखी ठाण उलगडतो. का पसंत पडत नाही ते काही विचारत नाही. वामनचं तसंच झालं होतं.

“शास्त्रात आहे ते सगळं लावलं,” तो म्हणाला. “लोध्र, धने, वेखंड. मग मंजिष्ठा. डाग हटेनात म्हणून जायफळ लिंबात उगाळून दिलं. हाच नीट लावत नसणार.”

“लावलंय रे बाबा! आग होयसर लावलंय.”

“आग होते म्हणजे लागू पडतंय. तू फोड फोडतोस त्याचं काय? हात बांधून झोप म्हणून सांगितलं होतं ना?”

बाबलचा हनुवटीकडे गेलेला हात खाली आला.

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. “बाबल, रंगाची पेटी आणलीस?”

“ती खय सोडतलंय!”

“वामनची द्रौपदी कर.”

वामन हसला. बुवा हसले नाहीत. मग वामनही हसायचा थांबला आणि मांडी घालून बसला.

पेटी उघडली आणि बाबल निराळाच माणूस झाला. बोटं झरझर चालू लागली. आधी खोबरेल, चांगलं थापून.

“एवढं तेल?” वामनने नाक मुरडलं.

“भरपूर होया. मगे रंग पटकन सुटता. हलू नको गे बाये!”

तेलावर पांढरा रंग, गालांवर गुलाबी, डोळ्यांत काजळ. बाबलने आरसा पुढे धरला. वामन त्यात बघून खरंच लाजला, आणि लाजला म्हणून चिडला.

“झालं? आता पुसा.”

“आता नाटक आहे,” बुवा म्हणाले. “बस तसाच.”

बुवांनी सुपारी संपवली. जेवून घेतलं. भिंतीला टेकून डोळे मिटले. बाहेर ऊन चढलं, मठीची कौलं तापली. वामनच्या कपाळावरचा घाम रंगाखालून वाट काढू लागला. गाल चुरचुरायला लागले, हनुवटी खाजायला लागली. त्याचा हात आपोआप वर गेला...

“हात खाली,” बुवा डोळे न उघडता म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा गेला.

“हात.”

शेवटी बुवा सावरून बसले. “नाटक संपलं की काय करतोस, बाबल?”

“टेम्पोत निजतंय.”

“तोंड धुऊन?”

“पाणी खय असता तेवा? पुढच्या गावाक पोचल्यार पुसतंय.”

“पूस याचं.”

बाबलने कमरेचा पंचा सोडला. जाडाभरडा, कोरडा. रोज स्वतःचं तोंड पुसतो तसंच त्याने वामनचं पुसलं, म्हणजे तव्याची काजळी काढावी तसं. वामनच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आणि मग?”

“मग ह्यांचो लेप.”

“न धुता?”

“ह्यांनी खय सांगलेला धुवूक?”

वामनने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग सहाणेकडे बघत राहिला. खरंच, काय लावायचं ते त्याने सांगितलं होतं. कशावर लावतोस, ते एकदाही विचारलं नव्हतं...

बुवांनी जायफळ-लिंबाची वाटी बाबलपुढे सरकवली.

आता खोटं कशाला सांगा, बाबलने तो लेप जरा आवडीनेच लावला.

वामनने दात आवळले. डोळे गच्च मिटले. शास्त्रातला एखादा श्लोक आठवतो का बघितलं. एकही आठवेना.

“पाणी!”

“काय म्हणालास?” बुवांनी विचारलं.

“पाणी द्या, बुवा! पाणी!”

बुवा स्वतः उठले. माठातलं पाणी ओंजळीने त्याच्या तोंडावर सोडत राहिले, लेप सुटेपर्यंत. घासलं नाही. जुन्या धोतराचा मऊ तुकडा नुसता टेकवून टेकवून तोंड टिपलं.

बाबलने रंग पेटीत भरले.

“बुवानू,” बाबलने हळूच विचारलं, “जत्रेपर्यंत जातले?”

“फोड बसतील. डाग इतक्यात जायचे नाहीत, त्यांना महिने लागतात.”

“मगे मालक...?”

“डाग रंगाखाली लपतात. फोड लपत नाहीत.” बुवांनी माठाशेजारची रिकामी कळशी उचलून त्याच्या पेटीवर ठेवली. “ही भरून बरोबर ने. आधी तोंड, मग टेम्पो. तेल बोटभर कमी. आणि तो पंचा उन्हात डोक्यावर घे, तोंडाला लावू नकोस.”

बाबलने पंचा डोक्यावरून घेतला, सवयीने अगदी पदरासारखा. दारात थांबून वामनच्या लालभडक तोंडाकडे बघितलं. “बरी दिसत होतंस हां, द्रौपदीबाय,” म्हणाला आणि कळशी कमरेवर घेऊन गेला.

वामन वाट्या आवरू लागला. आवरता आवरता थांबला.

“बुवा... पाण्याचं कळलं. पण पाण्यानंतर?”

बोलता बोलता त्याची बोटं लोध्राच्या वाटीत गेलीसुद्धा होती.

बुवांनी वनस्पतींच्या जुडीची सुतळी सोडली आणि त्याच्यापुढे ठेवली.

“हात बांधायचे.”

“तेच तर मी त्याला पहिल्या दिवसापासून सांगतोय!”

“त्याचे नव्हेत,” बुवा म्हणाले. “तुझे.”