बाहेरची कडी

"आणि त्यांनी उद्या मलाच काढलं तर, आक्का?"

आक्का सुपात ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा राजशेखर, पक्षाचा जिल्हाध्यक्ष. टेकडीवरच्या या मठात तो गादीवरच्या आक्कांचा आशीर्वाद घ्यायला आला होता आणि आल्यापासून तोच बोलत होता. संध्याकाळी तालुक्याला सभासदांची सभा होती. तिथं तो नवा नियम मांडणार होता. उमेदवार आता वरून येणार नाही, गावोगावचे सभासद मतं देऊन ठरवतील. अध्यक्ष नकोसा झाला, तर त्यालाही मुदतीआधी घरी पाठवतील.

असा नियम आजवर एकाही अध्यक्षानं मांडलेला नाही, हे त्यानं आल्या आल्या ताठ मानेनं सांगितलं होतं. आता पुन्हा सांगताना त्याचा आवाज कापत होता.

"नियम तूच केलास न्हवं?"

"हो."

"मग भितोस कशाला?"

"केला तेव्हा भीती नव्हती. पण गावोगाव सांगत फिरलो... लोकांना तो फारच आवडलाय, आक्का."

आक्का गालात हसल्या. राजशेखरला काही हसू आलं नाही.

त्यानं मागं वळून पाहिलं. त्याची माणसं खाली पायथ्याशी, जीपजवळ थांबली होती. तरीही तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणून एक बारीकसं कलम घातलंय. मला काढायचा ठराव कुणी आणला, तर तो सभेपुढं ठेवायला माझी परवानगी लागेल."

आक्कांचा हात सुपात थांबला.

"लबाडी नाही ही. लोकांचं काय, आज डोक्यावर घेतात, उद्या पायदळी. माणसानं आपली सोय बघायला नको?"

"ऊठ," आक्का म्हणाल्या.

ओवरीच्या टोकाला त्यांची निजायची खोली होती. खिडकी नाही, दार सागवानी, जाडजूड. राजशेखरनं दाराची आतली बाजू पाहिली आणि तो चमकला.

"आतून कडी नाही?"

"न्हाई."

कडी बाहेरून होती. लोखंडी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली.

"मठाची रीत हाय," आक्का म्हणाल्या. "रातच्याला शेवटचा जाणारा बाहेरनं कडी घालतो. पहाटं गावातलं कुणीबी येतं अन् काढतं. गादीवरचं माणूस नको झालं, तर काढत न्हाईत. सूर्य डोक्यावर आला की समजायचं, गादी सुटली. मग उघडत्यात... अन् त्यानं खाली मान घालून टेकडी उतरायची."

"असं खरंच झालंय कधी?"

"माझ्या गुरूंचं झालं."

"तेव्हा बाहेर कोण होतं?"

"समदा गाव."

आक्कांनी कडीवरून बोट फिरवलं.

"अन् मी."

समोरची ही म्हातारी त्याला एकदम अनोळखी वाटू लागली.

"म्हणजे तुम्हालाही रोज..."

"रोज भ्या वाटतं. पाखरं बोलायला लागली की समदा जीव कानात येतो."

"मी सुतार पाठवतो, आक्का! आजच पाठवतो. आतून एक कडी बसवून घ्या."

"तुझ्या नियमाला बसवलीस तेवढी पुरे. आत जा."

तो हसला. आपल्याला कसली भीती, अशा ऐटीत उंबरा ओलांडून आत गेला. दार लागलं. कडी पडल्याचा आवाज झाला, आणि तो त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा होता.

बाहेर आक्कांनी टेकडीच्या कडेला जाऊन पायथ्याच्या माणसांना हाक मारली. थोड्या वेळानं पायऱ्यांवर चपला वाजल्या.

"सायेब कुठायत?" हा धुळाप्पा. गेल्या निवडणुकीत त्याचं नाव राजशेखरनं ऐनवेळी कापलं होतं.

"आत," आक्का म्हणाल्या. "कडी तुमच्या हातात हाय. वाटलं तर काढा."

ही रीत त्या मुलखात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. कडीकडं गेलेला हात धुळाप्पानं मागं घेतला.

"अरे, उघडा की!" राजशेखर आतून हसत ओरडला.

कुणी हललं नाही.

"धुळाप्पा! उघड म्हणतोय ना मी!"

"कस्तुराबाई, तुम्ही तरी सांगा यांना."

कस्तुराबाई महिला आघाडीच्या. त्यांना त्यानं परवाच कचेरीबाहेर ताटकळत उभं केलं होतं, हे त्याला आत्ता अंधारात आठवलं. उगाच आठवलं. एकदा आठवायला लागल्यावर मग ते थांबेना. कुणाला सभेत खाली बसवलं, कुणाचा फोन उचलला नाही, कुणाच्या मुलीच्या लग्नाला नुसताच हार पाठवला.

बाहेर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी दबकं हसलं.

"ऱ्हाऊ दे की घटकाभर," कुणीतरी म्हणालं.

कोण म्हणालं? राजशेखरनं दाराला कान लावला. आवाज ओळखीचा होता, पण कुणाचा ते कळेना. इतकी वर्षं या माणसांत काढली आणि त्यांचा आवाज ओळखता येत नाही, याचीच त्याला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"मी तुमच्यासाठी काय नाही केलं?" तो ओरडला. ते वाक्य खोलीतच घुमलं आणि त्याचं त्यालाच खोटं वाटलं.

त्यानं दाराला खांदा लावला. दार हललं नाही. तो जमिनीवर बसला. त्यांनी उघडलंच नाही तर? ते तसेच टेकडी उतरून गेले तर? संध्याकाळी त्याच्या जागी दुसराच कुणीतरी सभेत उभा राहील आणि लोक त्यालाही टाळ्या वाजवतील.

"उघडा हो..." तो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

या माणसांशी तो असं कधीच बोलला नव्हता.

बाहेर चपला दाराशी आल्या, मागं गेल्या. फार वेळानं पुन्हा आल्या.

मग कडी सरकली.

तो बाहेर आला तेव्हा उन्हानं त्याचे डोळे दिपले. सूर्य डोक्यावर होता. माणसं अर्धगोल करून उभी होती. आक्का पुन्हा ज्वारी निवडायला बसल्या होत्या.

राजशेखरनं रुमालानं तोंड पुसलं. सदरा नीट केला. चपला घातल्या. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला.

"कळलं मला, आक्का," तो म्हणाला. "ते कलम मी काढून टाकतो."

आक्कांनी सुपातला एक खडा वेचून फेकला.

तो वळला. त्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

"कडी कुणी काढली?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले.

"बरं, ते असू दे. 'राहू दे घटकाभर' कोण म्हणालं?"

धुळाप्पानं नजर खाली वळवली. कस्तुराबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला. मागचा एकजण न वळताच एक पायरी खाली उतरला.

"घाबरता कशाला? मी काही करणार नाही. नाव फक्त सांगा."

आता तिथं सगळेच घाबरलेले होते, एकटा राजशेखर सोडून.

आक्कांनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या आणि खोलीचं दार त्यांनी पुन्हा सताड उघडलं.

"आत जा, लेकरा," त्या म्हणाल्या. "तुझं अजून उजाडलं न्हाई."