आधी कळशी, मग पिंप

कॉलेजच्या ऑफिसात झेरॉक्स मशीन एकच, आणि ते यमुनाच्या हाती येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. त्या दिवशी प्रवेशाची खिडकी एकला बंद होणार होती, ती थेट पुढच्या वर्षापर्यंत. पावणेएकला एक बाई लेकीचा एक कागद घेऊन धापा टाकत आल्या. पाठोपाठ उपप्राचार्य राजोपाध्ये सर आले आणि तीनशे पानांचा अहवाल आपटून म्हणाले, "आधी माझं!"

यमुनाने हात पुढे केला, तो बाईंच्या कागदासाठी.

सर कडाडले, "व्यवस्थापन शिकवतो मी! तुला हे कुणी शिकवलं?"

"आईनं, सर. आमच्या वस्तीत नळ एकच, पाणी तासभर. आई म्हणायची, पिंप कळशीसाठी थांबलं तर मिनिटभर जातं. कळशी पिंपासाठी थांबली तर रिकामीच घरी परतते."

एवढ्यात झेरॉक्स निघाली, ती घेऊन बाई खिडकीकडे पळाल्या.

"तुमची कळशीच असणार! मग नियम सोयीचाच," सर धुसफुसले.

"नाही सर," यमुना हळूच म्हणाली, "आम्ही घरात अकरा माणसं. वस्तीतलं सगळ्यात मोठं पिंप आमचंच होतं."

दारात आणखी दोघं एकेक कागद घेऊन उभे होते. सरांनी अहवाल उचलला आणि ते त्या दोघांच्या मागे जाऊन उभे राहिले.