महाराजांची सैल बाज

हरगिर महाराज शेलदऱ्यात कुठून आले, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. ओढ्याकाठच्या पडक्या धर्मशाळेत ते राहत. अंगावर एक कांबळं आणि निजायला सुंभाची एक बाज, एवढाच काय तो संसार. ती बाज सटवाजीनं विणून दिलेली. गावात कुणाच्याही घरी जा, पाठ टेकाल ती सटवाजीनंच विणलेल्या बाजेवर.

असा हा सटवाजी एका पौषात तापानं पडला. वैद्यांनी हात टेकले. श्वास घरघरू लागला तेव्हा थोरला मुलगा केरबा यानं रीतीप्रमाणे बापाला बाजेवरून खाली घेतलं, सारवलेल्या भुईवर निजवलं, तोंडात पाणी घालून वर तुळशीचं पान ठेवलं. बांबू आणायला माणसं गेलीसुद्धा. आणि म्हातारा काय करतो? तोंडातलं पाणी गटकन गिळून डोळे उघडतो! देवाची करणी, दुसरं काय!

ताप उतरला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. लेक गिरजा सासरहून धावत आली. बापाला भरवावं, पुसावं, तेल लावून हात चोळावा, असं तिचं चाललं होतं. पण भुईच्या गारठ्यानं म्हाताऱ्याच्या छातीत कफ धरला. याला पुन्हा बाजेवर घेऊ या, म्हणून ती भावाला विनवू लागली.

केरबा ऐकेना. एकदा खाली घेतलेला माणूस वर घेत नाहीत, घराला दोष लागतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वाईट नव्हता हो तो, पण चार माणसांत पंच म्हणून बसायचा. लोक काय म्हणतील याचंच त्याला फार. शेजारणींनीही उंबरा ओलांडणं सोडलं होतं. गिरजानं महाराजांचं नाव काढलं तर तो चारचौघांत हसला. म्हणाला, “जा, बोलाव तुझ्या महाराजांना. ते काय, गेलेला हात परत आणणार?”

गिरजा धर्मशाळेत गेली. तिला रडूच आवरेना. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. उठले, आपली बाज उलटी करून डोक्यावर घेतली आणि भर गावातून चालत निघाले. बघणाऱ्यांना वाटलं, महाराज गाव सोडून चालले की काय!

सटवाजीच्या घरात त्यांनी बाज त्याच्या उजव्या हाताशी टेकवली. पायाकडच्या दोरीचं टोक त्याच्या लुळ्या मुठीत ठेवलं आणि म्हणाले, “सटवा, ही सैल झाली रे. पाठ भुईला लागते. आवळून दे.”

केरबा म्हणाला, या हाताला तोंडावरची माशीही हाकलता येत नाही, बाज कसली आवळतो. महाराज हसले. कांबळं काढून त्यांनी सटवाजीच्या अंगावर घातलं आणि स्वतः त्याच्या शेजारी उघड्या भुईवर आडवे झाले.

केरबा पुरता घाबरला. हात जोडून म्हणाला, “महाराज, उठा. ही खाली घेतल्याची जागा आहे.”

“असू दे की. सटवानं बाज आवळली की उठेन.”

गल्ली दारात गोळा झाली. ऊन अंगणात आलं, तरी घरातली भुई बर्फासारखी. महाराजांना थंडी भरली, दात वाजू लागले. कांबळं परत घालायला गिरजा वाकली तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. सटवाजी मान वळवून त्यांच्याकडे बघत होता. आपल्या दारी आलेला देवमाणूस आपण विणलेली बाज असताना भुईवर कुडकुडतो आहे, हे त्याला सोसवेना. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. आणि गिरजाला दिसलं, बोटं हलली! आधी एक, मग सगळी मूठ दोरीवर वळली. दोरी करकरली. पण समोरून धरायला कुणी नाही, म्हणून बाज सरकत त्याच्याकडेच येऊ लागली.

म्हाताऱ्याचे ओठ थरथरले. महिनाभर बंद असलेल्या तोंडातून शब्द आला, “केरबा... धर.”

लहानपणापासून बाज विणताना बाप याच शब्दांनी हाक मारायचा. केरबा धावला, गुडघे टेकून त्यानं समोरचा गाता, बाजेचा लाकडी दांडा, घट्ट धरला आणि ढसाढसा रडला. सटवाजीनं दोरी ओढली. फार नाही, वीतभर. तेवढी पुरली.

महाराज उठून बसले. केरबा त्यांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, “चुकलो महाराज. जिता बाप मी मेल्यात काढला.”

महाराज म्हणाले, “बापाला सांग ते. आणि हिलाही. बाज इथंच राहू दे, आता ती त्याची.”

केरबानं बापाला दोन्ही हातांवर उचलून बाजेवर निजवलं. दोष लागेल म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही. सटवाजी हळूहळू सावरला. शिमग्याला भिंत धरून अंगणात आला, पुढं डाव्या हाताच्या आधारानं विणूही लागला.

तो उरलेला हिवाळा केरबा मात्र बापाच्या बाजेशेजारी, त्याच सारवलेल्या जागेवर निजला. रात्री म्हाताऱ्याला खोकला आला की अंधारातून त्याचा आवाज येई, “बाबा, मी आहे.”