बयजाक्काची हाक

मुक्तगिरी महाराज फिरत फिरत कृष्णाकाठच्या धामणखेड्यात आले आणि घाटावरच्या ओवरीत उतरले. त्या गावात म्हशी राखणारी बयजाक्का नावाची बाई होती. तिने हाक मारली की नदीपलीकडच्या म्हशीही माना वर करीत, असा तिचा रांगडा, भरड गळा. पण भक्तजनहो, गळा भरड असला तरी भाव भरड नव्हता! आरतीला ती जीव ओतून गाई.

गावच्या भजनाचे पुढारी होते अनंतबुवा. त्यांचा गळा गोड, आणि तो गोड आहे हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. एकदा भर आरतीत टाळ थांबवून ते म्हणाले, "बयजाक्का, तुझ्या आवाजानं देव जागा होतो खरा, पण दचकून."

सगळा सभामंडप हसला. बयजाक्काही हसली, आणि घरी जाऊन चुलीपुढे रडली. दुसऱ्या दिवसापासून तिने तोंड उघडलं नाही. लोकांना वाटलं, बाईने मौनव्रत धरलं. काल हसणारेच आता तिला वाट देऊ लागले, हात जोडू लागले. माणसाचा स्वभावच असा! बयजाक्कालाही ते बरं वाटलं. लाज झाकली गेली, वर मान मिळाला. आत कुठेतरी चोरट्यासारखं वाटे, तेवढं ती गिळून टाकी.

ती महाराजांच्या दर्शनाला आली तेव्हा लोकांनी तिच्या व्रताची थोरवी सांगितली. महाराजांनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"बाई, हे मौन देवासाठी, की अनंतबुवांसाठी?"

तिची मान खाली गेली. महाराज मायेने म्हणाले, "देवाने दिलेला गळा तू त्यालाच परत करायला निघालीस. तो कसा घेईल?"

पौषातली सकाळ होती. पलीकडच्या गावचं भजन आटोपून अनंतबुवा मंडळींसह नावेतून परतत होते. नाव मध्यावर आली आणि असं दाट धुकं उतरलं की शेजारचा माणूस दिसेना. खालच्या अंगाला खडक होते. तिकडे वाहत गेलेली नाव फुटायचीच. नावेतून बुवांची हाक आली, बारीक, घाबरलेली. घाटावर एकच गलका उडाला. जो तो ओरडू लागला, आणि त्या गोंधळात नावाड्याला काठ कुठल्या बाजूला हेच कळेना.

महाराजांनी हात वर केला. घाट चिडीचूप झाला.

"बयजाक्का, हाक मार."

तिच्या मनात आलं, व्रत मोडलं म्हणून लोक तोंडात शेण घालतील, आवाज ऐकून पुन्हा हसतील. आणि वाचवायचं कुणाला, तर ज्याने हसं केलं त्यालाच! क्षणभर ती तोंडाशी पदर धरून उभी राहिली. मग तिने तो पदर कमरेला खोचला.

"अरं इकडं या रं! देवाचं नाव घ्या आन् माझ्या हाकंवर या!"

काय तो आवाज! कुणी हसलं नाही. ती हाकेमागून हाक देत राहिली, आणि देता देता तिला उमगलं की आपल्याला या आवाजाची लाज वाटत नाही, अभिमान वाटतो आहे. धुक्यातून नावेचं टोक दिसलं. नाव थेट तिच्यापुढे येऊन टेकली. नावाड्याने आपले रिकामे हात पुढे केले. वल्हं तर मघाच हातातून निसटून वाहून गेलं होतं. नाव प्रवाहाच्या उलट, नुसत्या हाकेवर चढून आली होती! लोकांनी महाराजांकडे पाहिलं. ते डोळे मिटून, हसतमुखाने उभे होते.

अनंतबुवा ओल्या धोतरानिशी महाराजांच्या पायाशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"बुवा, तुम्हाला हाक कुणी मारली?"

बुवा वळले. भर घाटावर, साऱ्या गावासमोर, त्यांनी म्हशी राखणाऱ्या बाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "अक्का, चुकलो," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मौनातले नमस्कार तिने खालमानेने घेतले होते. हा मात्र तिने ताठ उभं राहून घेतला. मग आपल्या भरड आवाजात ती म्हणाली, "उठा बुवा. आरतीची येळ झाली. आज मी म्हननार हाय."