घळीत टाकलेला भात

गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. पण त्यानं एक काम चांगलं केलं होतं. ज्या नोकरांनी राजवाड्यात राबून हाडं झिजवली, त्यांच्यासाठी त्यानं रानाच्या कडेला एक मोठं घर बांधलं. पालखीचे भोई, पाणके, धोबिणी, माहूत, सगळे म्हातारपणी तिथं राहायचे. यांच्या पानात कधी कमी पडू देऊ नये, असा राजाचा हुकूम होता.

आता बघा काय झालं. या माणसांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पानातलं उरलंसुरलं खाल्लं होतं. म्हणून इथं आल्यावर त्यांनी एक रीत पाडली. पान भरून वाढून घ्यायचं आणि अर्धं टाकून उठायचं. जो जास्त टाकेल तो मोठा. कुणी पान चाटूनपुसून खाल्लं, तर बाकीचे म्हणत, "काय रे, अजून राजवाड्यातच आहेस वाटतं?" मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते. तो सगळा भात, त्या भाकऱ्या, ती आमटी घरामागच्या घळीत जायची.

घळीतून वास सुटला. तो वास डोंगरापलीकडे गेला आणि एका संध्याकाळी घळीत तरसाची मादी आली. चार दिवसांनी घरातलं कुत्रं नाहीसं झालं.

म्हातारे घाबरले. सगळे जोत्याजीकडे गेले. जोत्याजी म्हणजे राजाचा जुना माहूत, त्याच्या शब्दाला तिथं वजन होतं. तो म्हणाला, "मी हत्ती सांभाळलेत. जनावराचं पोट भरलेलं असलं की ते अंगावर येत नाही. घळीत आणखी टाका."

झालं. आधी मोठेपणासाठी टाकत होते, आता भीतीनं टाकू लागले. चुलीवरची पातेली वाढली. घळीतली तरसंही वाढली, तिथंच त्यांची पिल्लं झाली. तिन्हीसांजा झाल्या की खालून माणूस हसल्यासारखा आवाज यायचा, आणि जेवता जेवता म्हाताऱ्यांचे हात थांबायचे.

सगळ्यात जास्त भीती सगुणेला वाटायची. सगुणा राजवाड्यातली धोबीण, तिचा नवरा रखमाजी पालखीचा भोई. रखमाजीला दमा होता. बंद खोलीत त्याचा जीव घुसमटे, म्हणून त्याची बाज मागच्या पडवीत असे, अगदी घळीच्या काठावर. त्याला पळता येत नव्हतं, धड ओरडताही येत नव्हतं. सगुणा स्वतःच्या पानातला घासही घळीत टाकायची. हे खा बाई, पण माझ्या माणसाकडे बघू नकोस, एवढंच तिचं मागणं असे.

एका संध्याकाळी ती भात टाकायला गेली, तर तरसाची मादी वर पडवीच्या पायरीवरच बसलेली. सगुणा दोन पावलं मागे सरली.

"म्हातारे, घाबरतेस कशाला?" तरस म्हणालं. "रोज तूच तर बोलावतेस."

"मी? मी तुला लांब ठेवायला टाकते."

"मी लांबच होते. शिकार करत होते, उपाशीही राहत होते. तुमच्या भातानं मला इथं आणलं. माझ्या पिल्लांना तर शिकार येतच नाही. त्यांना एवढंच कळतं, की या घरातून खायला येतं." मग तिनं बाजेकडे नाक वळवलं. "भात आता पुरत नाही, बघ. तो खोकतोय ना, तो कोण?"

सगुणेच्या हातातलं भांडं खाली पडलं. तरसानं भात खाल्ला, पायरी चाटली आणि सावकाश उतरून गेलं.

सगुणा तशीच पंगतीत आली आणि घडलेलं सगळं तिनं सांगितलं. मग पानावर बसली, अर्धीच भाकरी मागून घेतली आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. कुणी हसलं नाही.

"उद्यापासून घळीत काही टाकायचं नाही," ती म्हणाली. "भूक असेल तेवढंच घ्या. लागलं तर पुन्हा मागा. जे उरेल ते अंगणात खड्डा करून पुरू, वर राख नि माती टाकू."

"आणि ती उपाशी जनावरं वर आली म्हणजे?" जोत्याजीनं विचारलं.

"येतीलच. दारं लावून बसू. पण आणखी महिन्यानं आली तर दारंही पुरायची नाहीत."

तरसं खरोखरच आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली, तशी दारावर नखं ओरबाडायला लागली. रखमाजीची बाज आत घेतली होती, दारंखिडक्या बंद होत्या. त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ते बघवेना, म्हणून सगुणा कडीला हात लावायला उठली.

"सगुणा, उघडू नकोस," तो म्हणाला. "मी घेतो श्वास. तू फक्त वारा घाल."

ती वारा घालत बसली. दाराबाहेर बराच वेळ काही मिळालं नाही, तशी नखं थांबली. पण पावलं घळीकडे गेली नाहीत. ती घराच्या दुसऱ्या टोकाला गेली, जोत्याजीच्या खोलीकडे.

जोत्याजीला धीर निघाला नव्हता. त्यानं गुपचूप चार भाकऱ्या खोलीत आणून ठेवल्या होत्या आणि खिडकीच्या फटीतून एकेक तुकडा टाकत होता. सगळी तरसं त्या एका खिडकीखाली जमली. भिंतीआडून त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "संपलं रे. आता माझ्याकडे काही नाही. खरंच काही नाही." मग लाकूड मोडल्याचा आवाज झाला.

काठ्या आणि कोलितं घेऊन म्हातारे धावले, तोवर खिडकीचे गज मोडलेले होते आणि खोलीत कुणी नव्हतं.

त्यानंतर त्या घरातून घळीत शीतही पडलं नाही. उपाशी तरसं काही दिवस काठावर घुटमळली आणि शेवटी शिकारीच्या मागे डोंगरापलीकडे गेली. रखमाजी पुन्हा पडवीत निजू लागला. सगुणा मात्र वाढणाऱ्याचा हात पानावर आला, की शेवटपर्यंत आधी आपल्या पोटाला विचारत राहिली.

तात्पर्य: गरजेपेक्षा जास्त घेऊन टाकलेलं अन्न वाया जाऊन थांबत नाही, ते एखादी भूक पोसतं आणि ती भूक टाकणाऱ्याच्याच दारी येते.