राणीचे गाल आणि दगडी द्वारपाल

एका राज्यात सिंहासनावर बसणाऱ्याने चेहरा हलवायचा नाही, असा दंडक होता. हसणे, रागावणे, भुवई उंचावणे ही कामे प्रधानाने करायची. राणी चंद्रावळी वीस वर्षे तशीच बसली. कराळ नावाच्या मांत्रिकाने हे हेरले आणि शाप दिला, की जो चेहरा हलणार नाही तो दिवसेंदिवस खाली ओघळेल.

दरवर्षी अभिषेकाच्या दिवशी राजवाड्याचा दगडी द्वारपाल राणीचा चेहरा पाहून दार उघडत असे. ओळख पटली नाही, तर मागेल त्याला गादी. कराळाने गादीवर बसण्यासाठी नवे जोडेही शिवून घेतले होते.

राजवैद्यांनी केशराचे लेप लावले आणि ते वाळेपर्यंत हूं की चूं करू नये, असे बजावले. राणी इमानाने गप्प राहिली. गाल आणखी दोन बोटे उतरले. आरशात पाहून तिलाच स्वतःची ओळख पटेना.

तीन दिवस उरले, तेव्हा खिडकीत एक धनेश पक्षी येऊन बसला.

"राणीसरकार, चेहऱ्याला व्यायाम हवा. तोही चारचौघांत."

"आणि आमचा आब?"

"तो गालांबरोबरच खाली चालला आहे."

पहिल्या दिवशी राणीने भर दरबारात गालांत हवा भरून ती शंभर वेळा इकडून तिकडे फिरवली. गाल वर चढले. प्रधान सवयीने तिच्या वतीने गाल फुगवू लागला, त्याला आवरावे लागले. दुसऱ्या दिवशी तिने कपाळ बोटांनी दाबून धरून भुवया उचलल्या. लोंबत्या पापण्या उघडल्या आणि मागच्या रांगेतले सरदार रोज झोपतात, हे तिला प्रथमच दिसले.

तिसऱ्या दिवशी दारापुढे सारे नगर जमले. हनुवटी अजून गळ्याशी लोंबत होती; धनेशाने सांगितलेला जिभेचा व्यायाम तेवढा उरला होता. द्वारपालाने निरखून पाहिले आणि नकारार्थी मान हलवली.

कराळ पुढे झाला. "थोर कुळातली आहे. लोकांसमोर जीभ काढायची नाही ती."

राणीलाही क्षणभर तसेच वाटले. मग तिने डोळे वटारले, जीभ हनुवटीपर्यंत काढली आणि सिंहासारखी गर्जना केली. हनुवटी जागेवर बसली. शाप उलटला आणि कराळाचे गाल ओघळून नव्या जोड्यांवर पडले.

"या, राणीसरकार," द्वारपाल म्हणाला आणि दार उघडले.

दंडक त्याच दिवशी मोडीत निघाला. पुढे शेजारच्या राजाचा दूत युद्धाचे पत्र घेऊन सकाळीच आला. सगळा दरबार रोजच्या व्यायामासाठी जिभा काढून गर्जत होता. दूताने पत्र पागोट्यात खोवले आणि तहाचे बोलणे काढले.